बंदमामांची किल्ली

बंदमामा ओरडले की बाहेर चहाच्या गाडीवरचं गिऱ्हाईकसुद्धा दचकायचं. "आरं, बंद कर की आधी!" आमच्या ओतकामाच्या फौंड्रीत साच्यांची वाळू वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ते मुकादम होते. दिवसभर हेच एक वाक्य. खरं नाव मागे पडलं आणि ते सगळ्यांचे बंदमामा झाले.

सकाळी पट्टा सुरू व्हायच्या आधी मामा कडेनं चालत जायचे. रोलरवरची जाळी हलवून बघायचे, पट्टा थांबवायची दोरी ओढून बघायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, कालच तर बघितलंय." तर म्हणाले, "पट्टा न्हाय बघत बाबा, तुमचं हात कुठं कुठं घुसतील ते बघतोय." गळ्यातले टॉवेल ते दारातच काढून घ्यायचे. साफसफाईच्या वेळी स्विचला कुलूप घालायचे, किल्ली खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "किल्ली माझ्यापाशी, जीव तुझ्यापाशी. कर आता निवांत."

घरी त्यांची म्हैस त्यांच्याखेरीज कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. "बायकोपेक्षा ही जास्त वळखती मला," असं ते बायकोसमोरच सांगायचे.

खंडेनवमीला आम्ही यंत्रं पुजतो. जाळीला कुंकू लावून कुणाचं समाधान होतंय? थेट रोलरलाच लागलं पाहिजे! म्हणून मामांनीच स्विचला कुलूप घालून जाळी उतरवली. हार घातले, नारळ फुटला. मग रिवाजाप्रमाणे पट्टा एक फेरा फिरवायचा. मामांनी कुलूप काढून पट्टा सुरू केला. जाळी झेंडूच्या ढिगामागे तशीच राहिली, एवढ्या जणांत एकालाही आठवली नाही. हार सुटून रोलरखाली ओढला जायला लागला. पूजेचा हार चिरडतोय म्हटल्यावर मामांनी हात घातला. दोरी शेजारीच होती हो! मी ती ओढली, तोवर उजव्या हाताची बोटं गेली होती.

म्हैस विकावी लागली. मामा पुन्हा कामावर आले नाहीत. ज्यानं आमची बोटं राखली त्याचीच जावीत, हे अजून माझ्या गळी उतरत नाही.

आता आम्ही कुंकू जाळीलाच लावतो. यंदा खंडेनवमीला मीच मामांना घरून घेऊन आलो. ते दारातच थांबले. शिरा दिला तर हात पुढे करेनात. प्रसाद डाव्या हातात कसा घ्यायचा? मी म्हटलं, "आ करा, मामा."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. हळूच, अगदी हळूच विचारलं, "बंद हाय न्हवं?"

"बंद हाय."

"किल्ली?"

मी खिशातून काढून दाखवली. मग त्यांनी तोंड उघडलं.