ढग यायच्या आधी

हिमालयातला बर्फाच्या पाण्याचा तलाव एकदा आपल्या डोळ्यानं पाहाचा, एवढंच मी लग्नापासून म्हणत होती. आमचे हे मलाजखंडच्या तांब्याच्या खदानीत नोकरीले. म्हणत, "निळं पाणीच पाहाचं हाय ना? आपल्या खदानीत वाकून पाहून घे." रिटायर झाल्यावर एकदाचे तयार झाले, तेही ह्यांची बहीण आन् तिचा नवरा, आमचे नंदोई, निघाले म्हणून. तोवर माह्या गुडघ्यांची पार वाट लागली होती.

आमची माणसं बालाघाट सोडतात, पण घरचा स्वयंपाक सोडत नाहीत. गोंदियाले रेल्वेत बसलो तं सोबत कणिक, तेल, तिखट आन् विजेची शेगडी.

तलावाखालच्या गावात पोहोचलो तवाच भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं बजावलं होतं, "सुबह जल्दी निकलना, बाद में बादल आ जाते हैं." सकाळी मी मोजे-बूट घालून तयार. नंदोई म्हणे, "वहिनी, दोन-दोन पुऱ्या होऊन जाऊ द्या. वरतं काय भेटते?" मी ह्यांच्याकडं पाह्यलं. हे म्हणाले, "हौ, गरम गरम करून टाक." माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी कणिक मळली. काहून मळली, ते मले आजही समजत नाही. त्या थंडीत तेल तापता तापेना, आन् नणंद शाल पांघरून सांगे का पुऱ्या फुगून नाही राह्यल्या.

धापा टाकत वर पोहोचलो तं समोर नुसते ढग. पाणी कुठून सुरू होते, तेही दिसेना. हे म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वर्षी येऊ." जिले घरचा जिना चढवत नाही, तिले हे पुढचं वर्ष दाखवून राह्यले होते.

मी एका दगडावर बसली. म्हटलं, "तुमी जा. मी नाही हालत." नणंद-नंदोई उतरले. हे माह्याजवळ उभे राह्यले, खाली गाडीकडं तोंड करून. "चाल ना वं, ड्रायव्हर फोन करून राह्यला. किती हट्ट करशील?" बराच वेळ बोलत होते. मी ढगाकडंच पाहत होती.

तेवढ्यात ढग मधातून फाटले. पाणी दिसलं, इतकं हिरवंनिळं का मले रडूच आलं. पल्याडचा बर्फ थेट पाण्यापर्यंत उतरला होता. ह्यांची पाठ तलावाकडं होती आन् हे अजून ड्रायव्हरचंच सांगत होते. एक शब्द बोलली असती तं त्यांनी वळून पाह्यलं असतं. मी नाही बोलली. ढग पुन्हा मिटले, तवा उठली आन् म्हटलं, "चला."