काचेमागची मासेवाली

बाईंनी माझा हात धरला. स्वतःच्या नाकाजवळ नेला. हुंगला. आणि झटकून टाकला.

"शी! मासे. जा, साबणाने धुऊन ये. मगच आत."

बोईसरची ती मोठी खाजगी शाळा. तिच्या हॉलमध्ये मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. या बाईंनीच ते भरवलेलं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवीचा वर्ग बघायला नेला होता. माझी आई बाजारात मासे विकते. सकाळी तिच्या टोपलीत बोंबील भरून मी तशीच शाळेत आले होते.

मी हात धुतले. घासघासून लाल केले. तेव्हा राग आला नाही. लाज वाटली. स्वतःचीच.

आत गेले आणि बघतच राहिले. भिंतीभर चित्रं, काचेच्या चौकटीत. हत्ती, बोटी, झाडावर झोपलेली पोरं. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराने आधी पेन्सिलने काढलेली कच्ची चित्रं लावली होती. एका वाघाला आधी शेपूटच नव्हतं. पुस्तकातलं चित्र कुणीतरी हाताने काढतं, खोडतं, परत काढतं, हे मला तिथे कळलं. तोवर मला वाटायचं, चित्रं पुस्तकात असतातच.

पलीकडे पोरं खिदळली. मी गेले.

बाजाराचं चित्र. एक गोरी राजकन्या नाक दाबून उभी. समोर मासेवाली. काळीकुट्ट. दात ओठांबाहेर. केसांत माशा. तोंड वासून ओरडणारी. लुगडं मात्र माझ्या आईसारखंच नेसलेली.

त्या शाळेचा एक मुलगा छातीवर बिल्ला लावून आम्हाला चित्रं दाखवत होता. दारातला प्रकार त्याने पाहिला होता. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "देख, तेरी मम्मी."

सगळे हसले. आमच्या वर्गातलेही हसले. ज्यांच्या आया माझ्या आईच्या शेजारी बसून मासे विकतात, तेही.

मी मान खाली घातली. म्हणून खालची कच्ची चित्रं दिसली. पहिल्यात तीच बाई. नाक साधं, डोळे साधे. हसत होती. दुसऱ्यात दात बाहेर आले. तिसऱ्यात माशा आल्या.

म्हणजे ही अशी नव्हती. हिला अशी केली. कुणीतरी निवांत बसून, हातात रबर घेऊन, तिचं हसू खोडलं.

अंगाची आग झाली. बाई जवळच होत्या. मी विचारलं, "हिला अशी का केली?"

"अगं, गंमत आहे ती. मुलांना हसू नको का यायला?"

"आधी चांगली होती. हे चित्र काढून ठेवा."

"तू मला सांगणार?" बाई आमच्याबरोबर आलेल्या सरांकडे वळल्या. "म्हणून मी म्हणत होते, या मुलांना बोलवू नका."

मी मूठ आवळली आणि काचेवर मारली. फुटली नाही. परत मारली. फुटली. काच हातात घुसली. राजकन्येच्या झग्यावर माझं रक्त उडालं. बाईंनी माझी वेणी धरून मागे ओढलं आणि थोबाडीत दिली. मग आमच्या सरांनी दिली. मी पडले. पडूनही हसले, कारण आता कुणीच हसत नव्हतं.

संध्याकाळी सालवडच्या आमच्या खोलीवर आईने माझ्या हातावरची पट्टी बघितली. "कोनी मारला गो?" मी सगळं सांगितलं. ती घाबरली.

"उद्या माफी माग. शालंतून काढतील तुला."

"नाय मागनार."

तिनेही मला मारलं. पाठीत, जोरात. मग भिंतीला टेकून बसली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मी तशी दिसतंय काय गो?"

काचेने झालं नाही तेवढं या प्रश्नाने मला कापलं. माझ्या आईला हे विचारायला लावलं होतं. हात हुंगणाऱ्यांनी. रबरवाल्यांनी. हसणाऱ्यांनी.

"नाय आये," मी म्हटलं. "त्यांनी तशी केली."

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर मला पुढे उभं केलं. त्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. आई फाटकाशी उभी. सरांच्या हातात छडी.

"सगळ्यांसमोर म्हण. माझं चुकलं."

मी सगळ्या शाळेकडे बघितलं. माझ्या वर्गाकडे बघितलं. मग बाईंकडे.

"मी काच फोडली. तुमी माझी आई फोडली. आधी तुमी माफी मागा."

छडी बसली. बांधलेल्या हातावरच. पट्टीतून रक्त आलं. सर ओरडले, "म्हण!" मी म्हटलं नाही. परत बसली. मी म्हटलं नाही. तेवढ्यात आई फाटकातून आत आली. चालत नाही, धावत. तिने सरांच्या हातातली छडी हिसकून घेतली आणि गुडघ्यावर मोडली.

"माझी पोर नाय मागनार," आई म्हणाली. "काय करायचा तां करा."

त्यांनी दाखला हातात दिला. मी दुसऱ्या शाळेत गेले. तिथेही शिकले, आता कॉलेजात आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. त्या बाईंनी माफी मागितली नाही. ते चित्र असलेलं पुस्तक अजून दुकानात मिळतं. कुठल्यातरी वर्गात आजही एखादी पोर ते उघडत असेल, आणि बाकीचे तिच्याकडे बघून हसत असतील.

मी माफी मागितली नाही. मागणार नाही. माझ्या माणसांना जो असं काढेल, त्याच्या दारात मी जाईन. आधी विचारीन. ऐकलं नाही, तर फोडीन.