एसएसडीला हळदकुंकू

लासुर्ण्याजवळच्या आमच्या पाणीवापर संस्थेचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की बटण दाबून मी चहा पिऊन यायचो. मग त्याची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. पाण्याच्या पाळ्यांच्या यादीचा प्रोग्रॅम उघडायला गेलं की सगळंच अडकून पडायचं.

मी संस्थेचा सचिव. दुसऱ्या दिवशी कालव्याला पाणी सुटणार होतं. गेल्या आवर्तनात चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे येणाऱ्या पाटाच्या, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलं नव्हतं, म्हणून या वेळी पहिली पाळी तिथल्या वहिनींना द्यायची असं सभेत ठरलं होतं. ते मी थेट कॉम्प्युटरमध्ये लिहिलं होतं, कागद नव्हता. यादी गेली असती तर जुना क्रम चालला असता, म्हणजे आधी चारीच्या तोंडाशी शेत असलेले अध्यक्ष तात्या आणि शेवटी वहिनी. त्यामुळे वहिनी सकाळपासून कचेरीतल्या बाकावर बसून होत्या.

मी बारामतीहून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, आणली. हार्ड डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं होतं. तात्या म्हणाले, "पूजा केल्याबिगर लावायची न्हाय."

"तात्या, हा ट्रॅक्टर नाही."

"ट्रॅक्टर निदान डोळ्याला दिसतो. हे आत बसून काय करंल, कुणाला ठावं?"

मी नारळ आणून दिला. नारळ फुटला, अध्यक्षांचा फोटो निघाला. तात्यांनी ओलं हळदकुंकू वाहिलं ते नेमकं केबल जोडायच्या सोनेरी पट्ट्यांवर; त्यांना ते तोंड वाटलं. केबल जोडली, तर कॉम्प्युटर एसएसडी ओळखेना.

"तुमची श्रद्धा न्हाय, म्हणून," तात्या म्हणाले.

"आवो, कुक्कू भरलंय तिच्या तोंडात," बाकावरून वहिनी म्हणाल्या. "पुसा की आधी."

कान साफ करायच्या काडीवर स्पिरिट घेऊन मी पट्ट्या पुसल्या, वाळू दिल्या. एसएसडी दिसली. कुठून कुठे उतरवायचं हे तीनदा वाचून मी बटण दाबलं. कामाला तीन तास लागले. तात्या जेवून आले. वहिनी उठल्या नाहीत.

मग एसएसडी आत बसवली. कॉम्प्युटर लगेच सुरू झाला, यादीही उघडली. छापलेला कागद वहिनींनी बोट ठेवून वाचला आणि तात्यांपुढे हात केला.

"चारीच्या गेटाची किल्ली द्या, तात्या. येरवाळी दारं धरायचं हाय."

"सकाळी देतो की."

"सकाळी तुमी गावाला जाताल. आत्ताच द्या."

तात्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवली. त्याला बराच वेळ लागला.