सहज केलेला फोन

जोडारीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको होती तेव्हा तीही "अहो"च म्हणायची. ऑफिसांतले, दवाखान्यांतले प्रोग्राम लांबच्या सर्व्हरला जोडून द्यायचे आणि तुटले की पुन्हा जोडायचे, हा त्यांचा धंदा. त्यावरून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. काही अडलं की सगळ्यांना काका आठवायचे. परगावी राहणाऱ्या लेकीचा फोनही यायचा तो तिचा प्रिंटर रुसला की. लेकीचा प्रिंटर बिघडायची वाट बघणं बापाला शोभतं का? पण काका बघायचे.

त्या दिवशी दातांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पेशंटची माहिती उघडायला गेलं, की प्रोग्राम ढिम्म हलायचा नाही.

"सकाळी अगदी शहाण्यासारखा चालतो हो, काका," काउंटरवरची ताई रडकुंडीला आली होती. "दुपारी काय होतं कोण जाणे! आणि डॉक्टर डाफरतात माझ्यावर."

काकांनी पासवर्ड पाहिला, सर्व्हरचा पत्ता पाहिला, केबल हलवून पाहिली. सगळं जिथल्या तिथे. सुट्टी झाली तशी मंडळी आतल्या खोलीत जेवायला गेली आणि काका पडद्यासमोरच डबा उघडून बसले. आतून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. त्यांना कुणी "या" म्हटलं नाही. काकांना वाईट वाटलं, आणि या वयात वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

डबा संपेपर्यंत चोर सापडला. बराच वेळ कुणी सर्व्हरला काही विचारलं नाही, की मधली राखणदार, म्हणजे फायरवॉल, जोडणी गुपचूप तोडून टाकत होती. प्रोग्राम बिचारा आपण जोडलेलेच आहोत या भरवशावर बसून राहायचा.

"आता दर थोड्या वेळाने हा आपणहून सर्व्हरला हाक मारेल," काकांनी ताईला सांगितलं.

"काय विचारायला?"

"काही नाही. सहजच. आहेस ना, एवढंच."

"काम नसताना?"

"काम नसतानाच."

घरी आल्यावर चहा पार गार होईपर्यंत काका फोन हातात धरून बसले. मग लावलाच.

"बाबा? काय झालं? बरं वाटत नाहीये का तुला?"

"छे, ठणठणीत आहे. सहजच केला."

लेक क्षणभर गोंधळली. "इकडे सगळं चालू आहे, बाबा. प्रिंटरसुद्धा."

"बरं, बरं. ठेवतो मग."

झालं! साऱ्या गावाच्या जोडण्या जुळवणाऱ्या माणसाला लेकीशी बोलायला पुढचं वाक्य सुचलं नाही. त्या रिकाम्या घरात काकांना भडभडून आलं.

कप विसळून पालथा घालतात, तोच फोन वाजला.

"बाबा, अरे, प्रिंटर बंद पडलाय."

तिच्या पाठीमागे प्रिंटर खडखडत कागदामागून कागद सोडत होता. काकांना स्वच्छ ऐकू येत होतं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट टेकून बसले.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "अगदी पहिल्यापासून सांग."