नववी मात्रा

जेवण झालं होतं. मी चटईवर व्हायोलिन घेऊन बसलो होतो आणि बायको समोर मेथी निवडत होती. डावा हात मेथीत, उजवा हात डबीवर. डबी म्हणजे लोखंडाचं मुठीएवढं मशीन आहे, वर एकच बटण. एकदा दाबलं की आपण वाजवू ते भरून घेतं. परत दाबलं की तेवढाच तुकडा फिरवत राहतं, बंद करेपर्यंत. त्याच्यावर आपण दुसरं काही वाजवायचं, तेही आत भरायचं, मग तिसरं. एकटा माणूस चौघांचं वाजवतो. बटण खरं तर पायाने दाबायचं असतं. पण आम्ही खाली बसून वाजवणारे. व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकलेलं, पाय हलवायची सोय नाही. म्हणून बटण ती दाबायची, हाताने.

त्या दुपारी मी आठ मात्रा वाजवल्या, समेवर येऊन जोरात गज मारला आणि ओरडलो, “परत खाल्लीस माझी सम!”

“खाल्ली नाही. समेबरोबर दाबलं.”

“सम वाजून झाल्यावर दाबायचं. किती वेळा सांगू?”

“अहो, ती सम ह्या फेऱ्याची नाहीच, पुढच्याची आहे. पुढच्यात डबी ती वाजवणारच. दोनदा कशाला पाहिजे?”

“तू मला लय शिकवणार? चाळीस वर्षं कीर्तनात वाजवलंय मी.”

“वाजवलंय ना, मग ओरडता कशाला?” असं म्हणून तिने काड्या सुपात गोळा केल्या आणि चहा टाकायला उठली.

आमचं शेवटचं धड बोलणं हे. संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणाली. आमची गल्ली एवढी अरुंद की शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं, तिथे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मिळाली. दवाखान्याच्या दारातच गेली.

मी चौथीपर्यंत शिकलो. रेल्वेत खलाशी होतो, फिटरच्या हाताखाली, आणि ड्यूटी संपली की रामघाटावर कीर्तनात बुवांच्या मागे व्हायोलिन. लिहायची सवय नाही, पण हे लिहायलाच पाहिजे.

डबी आली ती ब्राझीलच्या बाईमुळे. आम्ही इथे हिंदी मुलखात, मंगला गौरीच्या देवळाच्या वरच्या अंगाला राहतो. आमच्या वरच्या कमऱ्यात ती बाई दोन हिवाळे भाड्याने राहिली. आली होती गाणं शिकायला, पण वाजवायची चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवतात तो. सकाळी आधी त्याच्या लाकडावर बोटांनी थापा मारायची, त्या डबीत फिरायला लागायच्या. मग गज तारांवर आपटून खसखस असा आवाज काढायची, झांजेसारखा. मग बोटाने जाड तार ओढायची. हे सगळं फिरत असताना वरून सावकाश एखादी चाल. मी जिन्यात उभा राहून मोजायचो आणि चुकायचो. आपल्याकडे पहिली मात्रा जड. तिच्या सांबात, म्हणजे त्यांच्याकडच्या नाचाच्या तालात, पहिली नुसती टेकवलेली, भार सगळा दुसरीवर. मला ते लंगडं वाटायचं.

बायको म्हणाली, “लंगडं कसलं? घागर घेऊन घाट चढताना बघा. एक पाय टेकवायचा, मग दुसऱ्यावर भार द्यायचा. तसं आहे ते.” आणि त्या बाईसमोर रिकामी कळशी कमरेवर घेऊन जिना चढून दाखवला. बाई टाळ्या पिटत हसली, हिला मिठी मारली. दोघींना एकमेकींची भाषा काडीची येत नव्हती. जाताना बाईने जुनी डबी, एक स्पीकर आणि व्हायोलिनच्या घोडीजवळ चिकटवायचा छोटा माइक ठेवून दिला. माझ्या नाही, हिच्या हातात दिला.

कीर्तनं कमी झाली होती. बोलावलं तरी पेटी मागायचे, व्हायोलिन नको. मग रोज दुपारी आम्ही दोघं हेच करायचो. मला सांबा यायला वर्ष गेलं. पण आला. फेरा साफ फिरायचा तेव्हा वाटायचं, माझी लय पक्की आहे. शेवटचा गज कापला गेला की म्हणायचो, हिला अक्कल नाही.

घरात म्हणून थांबलो नाही. सकाळी ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं बसतो. एक बँकेतून रिटायर झालेला, एक वेदपाठशाळेत शिकवायचे ते शास्त्रीबुवा आणि मी. बँकवाला रोज विचारायचा, “काय गुरु, काल किती समा खाल्ल्या वहिनींनी?” मी आकडा फुगवून सांगायचो आणि आम्ही हसायचो. शास्त्रीबुवाही हसायचे. दोन वर्षं हे चाललं. तिला ते माहीत होतं. गल्लीत काही लपत नाही.

तेरा दिवस व्हायोलिनवर कापड होतं. चौदाव्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, मी परवा इंदूरला जाणार. थोडं वाजवा ना. आईने फोनवर किती वेळा ऐकवलंय मला.”

मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. आईच्या जागेवर बसली, डबी पुढे ओढली. “कब दबाऊं? म्हणजे, कधी दाबू?”

“सुरू करताना एकदा. मग आठ मात्रा मी वाजवतो, सम घेतो. सम वाजली की दाब.”

तिने सांगितलं तसंच केलं. फेरा फिरायला लागला आणि सम दोनदा पडली. एकदा माझ्या शेवटची, लगेच तिच्या मागे डबीची. आठाच्या नऊ मात्रा झाल्या. मी त्याच्यावर दुसरं वाजवायला गेलो तर पाय घसरल्यासारखं झालं. बंद कर म्हटलं. परत केलं, परत नऊ. तिसऱ्यांदाही तेच.

“बाबा, मी चुकत्येय का?”

“नाही. मी सांगतो तेच करत्येस.”

“मग आई कशी दाबायची?”

मला माहीत होतं. हजार वेळा पाहिलं होतं. गज खाली यायचा आणि त्याच क्षणी तिचं बोट.

“समेबरोबर दाब,” मी म्हणालो.

आठ आल्या. साफ. मुलगी ऐकत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे आई बरोबर होती की.” टोमणा नव्हता. तिला आमचं भांडण माहीतही नसेल. मी गज खाली ठेवला. डबी एकटीच फिरत राहिली.

मला आता दोघाचौघांनी विचारलंय, त्या मशीनमध्ये वहिनींचं काही राहिलं असेल ना? नाही राहिलं. बटण दाबल्याचा आवाज त्यात येत नाही. माझं खरखरीत वाजवणं तेवढं येतं. फेरा कुठे सुरू करायचा आणि कुठे मिटवायचा, हे दोन वर्षं ती ठरवत होती. लय तिची होती, वाजवत मी होतो. हे मला ती बसलेली असताना कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. आणि “बरोबर आहे तुझं” एवढं म्हणायला आता माणूसच नाही. फोटोसमोर बोलून मला समाधान होत नाही. फोटो वाद घालत नाही.

पण जिथे तिला हसलो होतो ती माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रह्मा घाटावर गेलो. दोघं बसले होते. बँकवाल्याने सरकून जागा दिली, चहाचा मातीचा पुरवा हातात दिला. मी उभाच राहिलो.

“समेचं तिचं बरोबर होतं,” मी म्हणालो. “दोन वर्षं मी खोटं सांगत होतो तुम्हाला.”

“अरे छोडो गुरु,” बँकवाला म्हणाला. “आता काय त्याचं?”

“छोडो नाही. तुझ्यासमोर हसलो, तुझ्यासमोरच सांगणार. टाळी दे. आठ मोज.”

त्याने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. बुवांनी पंचा सावरला आणि हात पुढे केले. दोघांनी आठ मोजल्या, नववीवर टाळी मारून थांबले, जसा मी थांबायचो तसेच.

“ही टाळी कुणाची?” मी विचारलं.

“शेवटची,” बँकवाला म्हणाला.

“नाही. पुढच्या फेऱ्याची पहिली. तिथेच ती दाबायची. परत मोजा.”

परत चुकले. बुवा म्हणाले, “अहो, लोक बघतायत.” मी म्हटलं, बघू देत. पाचव्या-सहाव्या वेळी फेरा न अडखळता पुढे गेला आणि चालत राहिला, दोन म्हाताऱ्यांच्या टाळ्यांवर. मग मी खाली बसलो आणि गार झालेला चहा प्यायलो.