अण्णांच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग

"लढाई बघितलेला माणूस लढाई मागत न्हाई. पण आली, तर पाठ दावत न्हाई."

माझे वडील, आमचे अण्णा, हे मला म्हणाले तेव्हा मी शाळेत होते. टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या चालू होत्या आणि मी उत्साहाने विचारलं होतं, "अण्णा, आता लढाई होणार?" भातकापणीचे दिवस होते, ते ओट्यावर विळ्याला धार लावत होते. मान वर न करता एवढंच बोलले... आणि धार लावत राहिले.

अण्णा फौजेत होते. गेल्या महिन्यात ते गेले. दहावा आमच्या गावी, मढलाच केला, नदीकाठी.

आमच्याकडे दहाव्याला पुढारी येतातच, त्यात इलेक्शनचे दिवस. आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं... आणि मुंबईच्या नातेवाइकांसाठी मोबाईलवर सगळं लाइव्ह. एका पक्षाचे उमेदवार, आमच्याकडे सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात, बोलायला उभे राहिले. अण्णांनी कधीतरी त्यांनाही ऐकवलेलं हे वाक्य त्यांनी सांगितलं. पूर्ण सांगितलं, अण्णांच्या नावानिशी सांगितलं. माझे डोळे भरून आले.

चार दिवसांत तोच व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागला. फक्त आता त्यात वाक्याचा पहिला अर्धाच भाग होता. अण्णांचं नाव गायब. खाली लिहिलेलं... 'यांना लढायचंच नाही!'

आणि जुन्नरच्या सभेत विरोधी बाजूचा वक्ता माईकवर गरजला, "देशावर वेळ आलीय आणि हे शेळपट म्हणतात लढाई नको! यांना दुश्मनाशी सोयरीक करायचीय!" टाळ्याच टाळ्या. तो वक्ता कोण? दत्ता. माझा सख्खा चुलतभाऊ. अण्णांसाठी डोक्याचे केस काढलेले, ते अजून पुरते उगवलेही नव्हते. टोपी घालून बोलत होता.

ती सभा आईने मोबाईलवर बघितली. रात्री जेवली नाही. मला भीती वाटली ती एकाच गोष्टीची... अण्णांच्या माघारी तिच्याकडे त्यांचं जे बोलणं उरलंय, त्यावर आता गावभर लोक थुंकतायत आणि ते कुणाचं आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

परवा दत्ता प्रचार करत घरी आला. सोबत पाच-सहा जण, गळ्यात पक्षाचे पट्टे. आईच्या पाया पडला, फोटो निघाला. आईने सगळ्यांना चहा दिला.

त्यांतला एक जण हसत म्हणाला, "काकू, तुमाला काय सांगायचं राव... घरचंच मत हाय."

"घरचं हाय म्हणून तर इचारते," आई म्हणाली. "दत्ता, जुन्नरला शेळपट कुणाला म्हणला रं?"

"त्या वकिलाला, काकू. लई बोलत व्हता."

"त्यो तुझ्या चुलत्याचं बोलणं सांगत व्हता. दहाव्याला."

दत्ताचा कप हातातच राहिला. खरंच त्याला माहीत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. भाषणं चालू होती तेव्हा तो खाली घाटावर होता. पिंड ठेवलेले, कावळा शिवत नव्हता... घरचे सगळे पुरुष तिकडेच हात जोडून उभे. दत्ता तर मोठ्याने म्हणत होता, "अण्णा, काकूला सांभाळतो, काळजी करू नका." त्यानंतर कावळा शिवला. आणि वर मांडवात काय बोललं गेलं ते त्याने ऐकलंच नाही. व्हिडिओ पोरांनी कापून दिला, त्याने भाषण ठोकलं.

"चला भाऊ, अजून लई घरं हायेत," कुणीतरी म्हणालं. सगळे उठले.

दत्ता मागे रेंगाळला. दारात चपला घालता घालता मला हळूच म्हणाला, "ताई, चुकलं माझं. पण आता मागं घेतलं तर लोक मलाच भित्रा म्हणतील गं."

मला राग आला नाही. वाईट वाटलं... एवढा दणदणीत आवाजाचा माणूस, आणि स्वतःच्याच टाळ्यांना घाबरलेला. माझे अण्णा कुणालाच घाबरत नव्हते, म्हणून तर त्यांना लढाई नको म्हणता यायचं. एवढं मला पक्कं ठाऊक आहे, आणि कुणी कितीही कापाकापी केली तरी ते बदलत नाही.

पूर्ण व्हिडिओ मी खाली टाकलाय. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडणार नाही. वकीलसाहेबांना मी मत देईन का, तेही अजून ठरलेलं नाही.

मागणं फक्त दत्ताकडे आहे, आणि तो ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे.

दत्ता, उद्या आळे गावात तुमची शेवटची सभा आहे. मी येतेय, पुढेच बसेन. तू नाहीच म्हणशील, तुझे लोक तुला करूही देणार नाहीत... तरी मागते. माईक हातात आला की आधी ते वाक्य सगळं म्हण, आणि ते कुणाचं आहे तेही सांग. म्हणशील?