पंचवीसच्या ॲव्हरेजसाठी अलिबागला

अलिबागला सायकलने जायचं ठरवलं ते समुद्र बघायला नाही. नेरूळला माझ्या खिडकीतून खाडी दिसते, पाण्याची हौस तिथेच भागते. मी गेलो ते परत येण्यासाठी, आणि तेही ताशी पंचवीस किलोमीटरच्या सरासरीने. हे वाचून ज्यांनी कपाळाला हात लावला त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो.

आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. दर रविवारी पहाटे पाम बीच रोडवर जमायचं, उरणकडे किंवा पनवेलच्या पुढे जायचं, येताना टपरीवर चहा. सुरुवातीला सगळे एकत्र जायचो. मग वेगवान मंडळींना आमच्यासारख्यांचा कंटाळा येऊ लागला आणि केतनने ग्रुपचे दोन भाग केले, 'पंचवीस प्लस' आणि 'कम्फर्ट'. केतन खारघरचा, अडतिशीतला, आमचा कॅप्टन. त्याला कोणी निवडलं नव्हतं, तो कायम सगळ्यांच्या पुढे असायचा म्हणून तोच कॅप्टन. कम्फर्टमधले काही जण घाम गाळून वरच्या ग्रुपात गेले, बाकीच्यांच्या सायकलींवर आता बाल्कनीत टॉवेल वाळतात. उरलो मी. माझं ॲव्हरेज बावीस, वय एक्कावन्न.

हसून सांगतोय, पण तेव्हा हसू येत नव्हतं. बायको, सुनीता, बँकेत आहे, तिची बदली नागपूरला झाली. मुलगा बंगळुरात. वाशीच्या ऑफिसात दिवसभर बोलणं होतं ते कामाचं. घरी आलो की टीव्ही लावायचा, बघायला नाही, आवाज हवा म्हणून. रविवारचा तो चहा म्हणजे आठवड्यातल्या माझ्या सगळ्या गप्पा होत्या, आणि त्याच बंद झाल्या. शेवटी लाज सोडून केतनला विचारलं, मला परत घ्याल का.

"दादा, पर्सनली नका घेऊ," तो म्हणाला. "पण तुमच्यासाठी थांबलो की बाकीचे बोंबलतात. तुमी एकट्याने ऐंशी किलोमीटर पंचवीसने मारून दाखवा. ॲपवरचं रेकॉर्डिंग टाका ग्रुपवर. मग तुमी आत, कोण काय बोलणार नाय."

मग लागलो तयारीला. ज्यांना आपलं ॲव्हरेज वाढवायचंय त्यांना अनुभवाचं सांगतो: रोज उठून दामटवू नका, मी आधी तेच केलं आणि गुडघा धरून बसलो. आठवड्यातून दोनदा पाम बीचवर पाच मिनिटं जीव खाऊन आणि पाच मिनिटं सावकाश, असं आलटून पालटून. सुट्टीच्या दिवशी लांब, पण गप्पा मारता येतील इतक्या हळू. (गप्पा कोणाशी, हे विचारू नका.) जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवा. बावीसचे तेवीस पटकन होतात. चोवीसच्या पुढे मात्र वारा आडवा येतो. ग्रुपमध्ये पुढच्याच्या पाठीमागे लपता येतं, एकट्या माणसाला सगळा वारा स्वतःच्या छातीवर घ्यावा लागतो.

जानेवारीतला एक गुरुवार-शुक्रवार रजा टाकली. पहिला दिवस आरामात जायचं, दुसऱ्या दिवशी परीक्षा. नेरूळहून उजाडायच्या आधी निघालो. पनवेलपर्यंत रस्ता रुंद आणि मख्ख. पळस्प्याला गोवा हायवेला लागलं की खरा प्रवास सुरू होतो. कर्नाळ्याचा चढ छोटा आहे, झाडी दाट, सकाळी तिथे हातांना चांगलीच थंडी वाजते. पेणला मिसळ खाल्ली, रस्सा मागाल तितका देतात. वडखळच्या आसपास ट्रेलर फार, डाव्या कडेला खडी असते, तिथे मान खाली घालून चालवू नका. अलिबागच्या फाट्याला वळलात की गर्दी ओसरते आणि धरमतरच्या खाडीवरून मोकळा वारा येतो. कार्लेखिंडीत शेवटचा दम लागतो. ज्यांना एवढं झेपत नसेल त्यांनी मांडव्याहून बोटीत सायकल घालून मुंबईला परतावं, पुष्कळ जण तसंच करतात.

राहायला बीचपासून जरा आत एक घरगुती लॉज मिळालं. हजाराच्या आसपास खोली, जेवण वेगळं, सायकल व्हरांड्यात ठेवू देतात. मालकीणबाईंनी माझ्या मागे फाटकाकडे बघितलं.

"बाकीची मानसं मागून येतान का?"

"नाही, मी एकटाच आहे."

"एकटंच?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "मंग एका मानसासाठी सुरमई कशाला कापू? बांगडा हाय, तोच खा. चांगला हाय."

बांगडा खरंच चांगला होता. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब कोलंबीवरून भांडत होतं. त्यांचं भांडण मी इतकं मन लावून ऐकत होतो, की त्यातल्या आजोबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?" मी ओशाळून उठलो.

संध्याकाळी वाळूवर बसलो असताना सुनीताचा फोन आला.

"कोण कोण आलंय?"

"आहेत सगळे," मी म्हणालो. "आत्ता चहा प्यायला गेलेत."

"बरं झालं. एकटा नाहीस ते."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिलो. भरती आली होती, समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणारी वाट पाण्याखाली गेली होती. मला फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे केळी आणि दोन उकडलेली अंडी खाऊन निघालो. हॅन्डलवरच्या मीटरवर एकच आकडा ठेवला होता, ॲव्हरेज. कार्लेखिंड ओलांडली आणि पायांना लय सापडली. पोयनाडला पंचवीसच्या जरा वर. वडखळला तसंच. पेणला मिसळीकडे ढुंकूनही बघितलं नाही, पाण्याची बाटली चालवता चालवताच रिकामी केली. तीन महिन्यांची मेहनत पायांत उतरली होती. कर्नाळ्याचा चढ एवढा पार केला की पुढे पनवेलपर्यंत उतार आणि सपाटी. जमणार, हे मला कळलं होतं.

चढावर पुढे एक सायकलवाला दिसला, मधूनच डगमगणारा. मी आयुष्यात चढावर कोणाला मागे टाकलेलं नाही. खुशीत त्याच्या बाजूने पुढे निघालो आणि त्याची जर्सी ओळखीची वाटली. केतन होता. घामाने निथळत होता आणि सगळ्यात हलक्या गिअरवर चालला होता.

"अरे, तू? पंक्चर वगैरे?"

"नाय. जा तुमी." त्याने माझ्या मीटरकडे पाहिलं. "पंचवीस होतंय? जा ना दादा, थांबू नका, पडेल ॲव्हरेज."

मी गेलो, खोटं कशाला सांगू. थोडं पुढे वळणावर मागे नजर टाकली तर तो सायकल कठड्याला टेकवून खाली बसला होता आणि दोन बोटं मानेवर धरून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. नाडी मोजत होता. माझ्या पुढे उतार होता. मी ब्रेक दाबला आणि वळून परत खाली आलो.

त्याच्या छातीच्या तपासणीत काहीतरी निघालं होतं, त्याने सांगितलं. डॉक्टरांनी ठोके एकशेवीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत असं बजावलं होतं, आणि हा सगळ्यांची नजर चुकवून शुक्रवारी रजा काढून इथे हळू चालवायला येत होता. "ग्रुपला कामाचा लोड आहे सांगितलंय. तुमी बोलू नका कोणाला, प्लीज."

"नाही बोलणार. चल, मी पुढे राहतो. तू माझ्या चाकामागे राहा, वारा लागणार नाही."

"तुमी? माझ्या पुढे?" तो हसला. मग निमूटपणे मागे आला.

खारघरपर्यंत आम्ही ताशी सतराने आलो. पळस्प्याला वडापाव खाल्ला, कळंबोलीच्या अलीकडे उसाचा रस प्यायलो. तो बोलत होता: आईला अजून सांगितलेलं नाही, रात्री डाव्या कुशीवर झोपायची भीती वाटते, पुढे असण्याखेरीज आपल्याला दुसरं काही येत नाही असं वाटतं. मीही त्याला नागपूरचं सांगितलं, टीव्हीचं सांगितलं. इतकं मी वर्षभरात कोणाशी बोललो नव्हतो. खारघरच्या पुलाखाली त्याने हात केला आणि गेला.

घरी येऊन ठरल्याप्रमाणे रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. ॲव्हरेज बावीसच्याही खाली. पहिलं उत्तर केतनचंच आलं: "गुड एफर्ट दादा. प्रॅक्टिस चालू ठेवा." खाली सगळ्यांचे अंगठे. मला संताप आला. त्याची अडचण कळत होती, तरीही आला. त्या रात्री जेवलो नाही.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो, मान वर न करता चालवलं आणि पंचवीस केले. रविवारी मला आत घेतलं. पंचवीसने चालवताना कोणी बोलत नाही, बोलायला श्वासच उरत नाही, पण चहा होता. टपरीवर कोणीतरी विचारलं, केतन हल्ली दिसत नाही. दुसरा म्हणाला, "ॲव्हरेज पडलं असेल बॉसचं." सगळे हसले. मी कप खाली ठेवला आणि पंक्चर बघायच्या निमित्ताने बाजूला जाऊन उभा राहिलो.

घरी येऊन हे सगळं लिहून काढलं आणि आधी केतनला पाठवलं. डॉक्टरांनी आता त्याची सायकल पुरती बंद केली आहे, फक्त पायी चालायला सांगितलंय. त्याचं उत्तर आलं: "टाका दादा. मला सांगायला जमत नाय, तुमीच सांगून टाका त्यांना. फक्त ते सतरा आहे ना, त्याचं अठरा करा."

सतराच ठेवलंय. ग्रुपमधले वाचत असतील तर त्यांना सांगतो, येत्या रविवारी माझी वाट बघू नका. केतनला विचारलंय, खारघरला चालायला येऊ का. त्याने मेसेज वाचला आहे, उत्तर अजून दिलेलं नाही. तरी मी जाणार आहे.